कायदा, मानसशास्त्र आणि खगोलशास्त्र यांच्या संशोधनात समान असं काही असतं का?

तुम्ही विचारलंय की हे तिन्ही विषय मनापासून आवडतात, पण पुढे संशोधन एकातच करता येणार. मग एका विषयात कमावलेलं दुसऱ्यात कामाला येतं का, की विषय बदलला की पाटी कोरी?

मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांना संदर्भ शोधून देण्याचं आणि त्यांच्या प्रबंधातल्या तळटिपा तपासण्याचं काम करते. सकाळी कायद्याचा विद्यार्थी समोर असतो, दुपारी मानसशास्त्राची विद्यार्थिनी, संध्याकाळी कोणी आकाशाच्या निरीक्षणांची कोष्टकं उघडून बसलेलं असतं. त्यामुळे या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. माझं उत्तर असं की नक्की कामाला येतं, आणि तुम्ही घेतलेली तीन नावं तर जुनी नातलग आहेत. ते नातं कसं जुळलं हे जरा सविस्तर सांगते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीनिचच्या वेधशाळेत प्रत्येक तारा याम्योत्तर, म्हणजे आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, नेमकी कधी ओलांडतो ती वेळ टिपली जायची. घड्याळाकडे बघून सेकंद मनात धरायचा, मग डोळा दुर्बिणीला लावायचा आणि पुढचे ठोके कानांनी मोजत राहायचं. दुर्बिणीत बारीक उभे तंतू ताणलेले असत. तारा सरकत सरकत तंतूकडे येतो. समजा सतराव्या ठोक्याला तो तंतूच्या अलीकडे इतका होता आणि अठराव्या ठोक्याला पलीकडे तितका. या दोन अंतरांची मनातल्या मनात तुलना करायची आणि सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ लिहायची, १७.४ किंवा १७.६. डोळा एक गोष्ट बघतोय, कान दुसरी ऐकतोय, आणि दोन्हींची गाठ निरीक्षकाच्या डोक्यात पडते.

वेधशाळेचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांना दिसलं की त्यांचा सहाय्यक डेव्हिड किनेब्रूक याने टिपलेल्या वेळा आपल्यापेक्षा उशिराच्या येतात. आधी फरक अर्ध्या सेकंदाचा होता, १७९६ च्या सुरुवातीला तो ०.८ सेकंद झाला. खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातला) तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे ही १२ विकलांची चूक. मॅस्केलाइन यांनी त्याला कामावरून काढलं.

पुढे कोनिग्सबर्गचे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांच्या वाचनात ही हकीकत आली आणि त्यांना वेगळीच शंका आली. दोघंही मन लावून वेध घेत असतील आणि तरीही फरक पडत असेल तर? १८२० साली त्यांनी वॉलबेक या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर तेच तारे टिपून पाहिले. दोघंही तयारीचे, पण फरक एका सेकंदाहून जास्त निघाला. किनेब्रूकच्या फरकापेक्षाही मोठा! माणसागणिक बदलणाऱ्या या फरकाला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव पडलं. खगोलशास्त्रज्ञ तो मोजून हिशेबातून वजा करू लागले. किनेब्रूकबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्याच्या नोंदींत आळस नव्हता, त्यात सगळ्या माणसांची एक गोष्ट दडलेली होती, आणि ती कळेपर्यंत तो हयात नव्हता.

खगोलशास्त्रज्ञांनी जे वजा केलं त्यातूनच दुसरा विषय उभा राहिला. पाहणं, ऐकणं आणि ठरवणं याला माणसाला किती वेळ लागतो? फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजणारे प्रयोग प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथेही हे मोजमाप मध्यवर्ती होतं. एका विषयाची चूक म्हणजे दुसऱ्या विषयाचं मूळ भांडवल.

आता कायद्याकडे येते. साक्षीदार हाही निरीक्षकच, फक्त त्याच्यापुढे घड्याळाचे ठोके नसतात. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. ज्यांना ‘गाड्या एकमेकांवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ अशा धर्तीवर विचारलं त्यांनी सरासरी ताशी ४० मैलांहून जरा जास्त वेग सांगितला. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं त्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. फितीत काच फुटलीच नव्हती. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७.

हे आकडे वाचले की उलटतपासणीतल्या एकेका शब्दाकडे बघण्याची नजर बदलते. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांच्या जुन्या खटल्यांत बहुसंख्य ठिकाणी साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. आणि हे साक्षीदार खोटं बोलत नव्हते, त्यांना खात्रीच होती. म्हणून ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावं, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१४ च्या अहवालात केली. माहीत असलं की नजर, आवाज, एखादा क्षणभराचा थांबा यांतून ते साक्षीदारापर्यंत पोचतं.

आता पुन्हा आकाशाकडे बघा. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग, शोधणाऱ्या लायगो या अमेरिकेतल्या प्रकल्पाच्या उपकरणांत सप्टेंबर २०१० मध्ये एक झकास संकेत उमटला. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने तो तपासला, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं गेलं तेव्हा कळलं की हा संकेत मोजक्या लोकांनी मुद्दाम गुपचूप घातलेला होता. असं होऊ शकतं याची सगळ्यांना आधीपासून कल्पना होती आणि त्यांनी ते मान्य केलेलं होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला तेव्हा म्हणूनच एक प्रश्न सुरुवातीलाच विचारला गेला: हा कोणी घातलेला तर नाही ना? एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्राचंही तसंच. तीच निरीक्षणं चार गटांना वेगवेगळी दिली आणि एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलं, कारण प्रकाशाचं गोल कडं दिसेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि अपेक्षेचीच भीती होती. चौघांनाही कडंच दिसलं, मगच ते मानलं गेलं.

ओळखपरेड घेणारा अधिकारी आणि कृष्णविवराचं चित्र तयार करणारे गट यांच्यावर घातलेलं बंधन एकाच जातीचं आहे. हे तुम्ही एका विषयात अंगी बाणवलंत की दुसऱ्यात पाटी कोरी राहत नाही.

आता फरक. कायद्याचं संशोधन म्हणजे साक्षीदारांवरचे प्रयोग, असा माझ्या लिहिण्यातून समज होऊ देऊ नका. बहुतेक कायदेसंशोधन वाचनाचं असतं: कलम काय म्हणतं, न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा लावला, निकालातला बंधनकारक भाग कोणता आणि ओघात केलेलं भाष्य कोणतं, आणि तो निकाल आजही टिकून आहे का. इथली काळजी वेगळ्या प्रकारची. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक परिच्छेद न्यायालयाचं मत म्हणून उद्धृत केला होता, सगळं प्रकरणच त्यावर उभं. तळटीप तपासायला मी मूळ निकालपत्र काढलं. परिच्छेद शब्दशः बरोबर होता. मात्र चार परिच्छेद वर गेल्यावर ओळ सापडली की यापुढे अपिलार्थीच्या वकिलाचा युक्तिवाद नोंदवला आहे. आणि न्यायालयाने तो शेवटी फेटाळला होता. मुलगा प्रामाणिक होता. त्याने तो उतारा दुसऱ्याच्या लेखातून घेतला होता, त्या लेखकाने कदाचित तिसऱ्याच्या. त्याने ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते आधीपेक्षा चांगलं झालं, कारण आता त्याला फेटाळण्याची कारणं वाचावी लागली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड झाला. मूळ कागद उघडून बघण्याला पर्याय नाही, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

जुने निष्कर्ष पुन्हा तपासून बघताना मानसशास्त्राला तर मोठी झळ बसली. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळचे ९७ टक्के अभ्यास संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरलेले होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उतरले. तेव्हापासून गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत आधीच नोंदवून ठेवण्याची चाल पुष्कळ वाढली. माझ्या मते हा त्या विषयाचा मोठेपणा आहे.

आणि ज्ञान कायद्याकडूनही उलट वाहतं. २०११ मध्ये इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांच्या १,११२ निर्णयांचा अभ्यास गाजला. सत्राच्या सुरुवातीला कैद्याच्या बाजूने सुमारे ६५ टक्के निर्णय, सत्र संपत आलं की जवळपास शून्य, खाण्याच्या सुट्टीनंतर पुन्हा ६५ टक्के. न्यायाधीश भुकेले असले की कठोर होतात, ही बातमी सगळीकडे पसरली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आक्षेप आला: प्रकरणांचा क्रम यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा, नसतोच. ज्या कैद्यांना वकील नसतो त्यांची सुनावणी सहसा सत्राच्या शेवटी होते, आणि वकील नसला की पॅरोल मिळण्याची शक्यता तशीही कमी. ही शंका संख्याशास्त्राच्या पुस्तकातून सुचणारी नव्हे. सुनावणीच्या खोलीत प्रकरणं कोणत्या क्रमाने पुकारली जातात हे ठाऊक असणाऱ्यालाच ती सुचते.

तेव्हा निवड करताना विषयाच्या आकर्षणापेक्षा रोजच्या कामाकडे बघा. कायद्यात दिवसचे दिवस निकालपत्रं वाचण्यात जातात. मानसशास्त्रात नैतिकता समितीची मंजुरी, माणसं जमवणं आणि प्रश्नावलीतला एकेक शब्द घासूनपुसून घेणं. खगोलशास्त्रात बहुतेक वेळ संगणकापुढे, प्रोग्रॅम लिहिण्यात आणि उपकरणाचा दोष ताऱ्याच्या प्रकाशापासून वेगळा करण्यात. संख्याशास्त्र मात्र काहीही निवडलंत तरी आधी शिकून घ्या.

१९७४ चा तो निबंध जेमतेम पाच पानांचा आहे, पॅरोलवरचा आक्षेपही छोटासाच. दोन्ही या आठवड्यात मिळवून वाचा आणि वाचताना पहिली शंका कोणती आली ती समासात लिहा. ‘असा क्रम कोणत्या नियमाने ठरतो?’ असं आलं तर कायद्याचा विचार करा. ‘मी वेगळा शब्द वापरला असता तर?’ असं आलं तर मानसशास्त्राचा. आणि ‘वेग मोजला कशाने, त्यात चूक किती?’ इथेच अडून बसलात तर वेधशाळेचा. ती शंका इथे खाली लिहिलीत तर पुढे काय वाचायचं ते मी सुचवू शकेन.