क्वांटम, समांतर विश्वं, टाइम ट्रॅव्हल: सगळं थोतांडच ना?
नाही, तिघांना एकाच तराजूत तोलू नका. क्वांटमचे, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचे, नियम पक्के तपासलेले. मोबाइलची चिप, एलईडी त्यांवरच चालतात. समांतर विश्वं म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये क्वांटमच्याच समीकरणांचा लावलेला एक अर्थ: प्रत्येक शक्यता कुठल्या ना कुठल्या विश्वात घडते. भाकितं नेहमीच्या क्वांटमचीच, त्यामुळे प्रयोगाने वेगळं काही सिद्ध होत नाही. शंका घ्यायची तर इथे घ्या. टाइम ट्रॅव्हलमध्ये भविष्याकडे सरकणं खरं, पण चिल्लर. १९७१ मध्ये विमानातून फिरवलेल्या अतिअचूक अणुघड्याळांत जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा नॅनोसेकंदांचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा) फरक मोजला गेला. ठाण्याहून निघालेली लोकल तासभर ताशी १०० किमीने धावली (मुलुंडचा सिग्नल सोडून द्या), तर वेगामुळे तुमचं घड्याळ फलाटावरच्यापेक्षा जेमतेम १५ पिकोसेकंद मागे पडेल. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. मागे, भूतकाळात जाण्याचा मात्र एकही पुरावा नाही.