जॉर्ज सेंट-पिएरला एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी लढत) मधला सर्वोत्तम फायटर का मानतात?

माझ्या मते मुख्य कारण म्हणजे त्याने प्रत्येक पराभवाची परतफेड केली. 26 विजय, 2 पराभव. पहिला 2004 मध्ये मॅट ह्यूजकडून. त्याला पुढे दोनदा हरवलं आणि 2006 मध्ये वेल्टरवेट या वजनगटाचा किताबही त्याच्याकडूनच घेतला. दुसरा एप्रिल 2007 मध्ये मॅट सेराकडून, तोही पहिल्याच फेरीत. कोणी स्वप्नातही धरला नव्हता असा निकाल! वर्षभराने मॉन्ट्रियलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, सेराला दुसऱ्या फेरीत लोळवून किताब परत मिळवला आणि मग सलग 9 वेळा राखला.

गंमत म्हणजे हा क्युबेकचा मुलगा मुळात क्योकुशिन या कराटे प्रकारातला. शाळा-कॉलेजात कुस्ती न खेळताही नावाजलेल्या कुस्तीगिरांना तो सहज खाली पाडायचा. जॅबने (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने) समोरच्याला गुंतवून अचानक पायात शिरणं ही त्याची खासियत.

त्याच्या लढती कंटाळवाण्या होत्या, ही टीका अगदीच खोटी नाही. बऱ्याच पंचांच्या गुणांवरच्या निर्णयावर गेल्या. पण 2013 च्या अखेरीस किताब सोडून चार वर्षांनी परतला, तोही वरच्या मिडलवेट गटात, आणि मायकल बिस्पिंगचा मागून गळा आवळून विजेता झाला. पोटाच्या आजारामुळे तो किताब लगेच सोडावा लागला.