तालुक्याच्या कॉलेजात मास कॉम, म्हणजे पत्रकारितेचा कोर्स? मग आधी एवढं कर

कॅमेऱ्याचं नंतर बघू. कॉलेजला स्टुडिओ नाही म्हणून कुरकुरत बसलं की पहिलं सेमिस्टर असंच उडून जातं. तुझा मोबाईल पुरेसा आहे. पैसे घालायचेच असतील तर कॉलर माइक घे. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की पुढे सरकतात.

सध्या तीनच गोष्टी:

- मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिक, आणि टाइप युनिकोडमध्येच कर, म्हणजे मजकूर कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर नीट दिसतो. बोलून टाइप करण्यावर विसंबू नकोस, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते.
- रोज एक छोटी बातमी. काय, कुठे, कधी हे पहिल्याच वाक्यात. 'सर्वत्र उत्साहाचे वातावरण आहे' दिसलं की खोड.
- आपला तालुका. इथे तू शहरातल्या पोरांच्या पुढे आहेस. ग्रामसभेला जाऊन बस. बाजार समितीत कांद्याचा भाव घेशील तेव्हा किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही घे. कमाल भाव एखाद-दुसऱ्या वक्कलालाच (लिलावातल्या मालाच्या एका ढिगालाच) मिळालेला असतो. तोच मथळ्यात टाकलास तर शेतकरी तुलाच हसतील. ग्रामपंचायत कागद दाखवत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

नव्यांच्या चुका ठरलेल्या: पहिल्याच महिन्यात यूट्यूब चॅनेल, गळ्यात 'प्रेस'चं कार्ड (हे तर नकोच), व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर न तपासता बातमीत. आणि नावं! समोरच्याकडूनच वहीत लिहून घे.

ड्रोन, एडिटिंगच्या करामती, जड थिअरी दुसऱ्या वर्षी. पहिल्या चार-पाच बातम्या झाल्या की दाखव, लाल पेन घेऊन बसतो.