पेटीतल्या माश्यांवर शंका घेण्याआधी सेन्सरवर घ्या

मधमाश्यांच्या पेटीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सेन्सर ठेवलाय, पहिल्या आठवड्यात रीडिंग कधीच २,२०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) खाली गेलं नाही, आता दोन महिन्यांनी ते ७०० दाखवतंय, आणि माश्या मात्र ठणठणीत. तुमची पोस्ट वाचून जुनी जखम ठसठसली. माझ्याकडे माश्या नव्हत्या, अंकुरणाऱ्या बियाण्यांचा बंद चेंबर होता. आलेख अगदी असाच उतरत गेला होता.

वायरिंग, लॉगर वगैरे तुम्ही तपासलंच असेल. माझा संशय ऑटो-कॅलिब्रेशनवर आहे, म्हणजे सेन्सर स्वतःचं मोजमाप आपोआप जुळवून घेतो त्यावर. हे सेन्सर ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचं इन्फ्रारेड किती शोषलं गेलं ते मोजतात. आतला इन्फ्रारेड दिवा जुना होतो, रीडिंग सरकतं, म्हणून कंपन्या आत एक गृहीतक घालून ठेवतात: साधारण आठवडाभरातलं सर्वांत कमी रीडिंग म्हणजे मोकळी हवा, म्हणजे ४०० पीपीएम. रात्री रिकाम्या होणाऱ्या खोलीत हे बरोबर. तुमच्या पेटीत मोकळी हवा येतेच कुठे? मग सेन्सर दर फेरीला शून्यरेषा थोडी थोडी खाली ओढत राहतो. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात, हे एका ओळीत असतं आणि ती ओळ मी वाचली नव्हती. चार महिन्यांची नोंद गेली.

त्याहून जास्त संताप मात्र कॅलिब्रेशन करून देणाऱ्या प्रयोगशाळेचा. दोनदा सेन्सर पाठवला, दोनदा ‘निर्दोष’ असं प्रमाणपत्र आलं. येणारच! त्यांच्या टेबलावर तो दोन-तीन आठवडे चालू अवस्थेत, मोकळ्या हवेत पडून असायचा आणि आपोआप सुधारायचा. मी फोनवर हे सांगायचा प्रयत्न केला, तर ‘प्रमाणपत्र दिलंय ना?’ एवढंच उत्तर. सेन्सर कुठे वापरता, हे एकदाही कुणी विचारलं नाही.

तुम्ही तो पेटीतून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा. तोंड लांब ठेवा, आपल्या उच्छ्वासात ४० हजार पीपीएम असतं. ४२०-४३०च्या जवळपास दिसायला हवं. शून्याकडे गेला किंवा तळाला चिकटून बसला, तर माझा अंदाज खरा. ऑटो-कॅलिब्रेशन बंद करा, बाहेरच्या हवेत हाताने कॅलिब्रेट करा आणि सेटिंग मेमरीत सेव्ह झालंय का बघा. काही मॉडेलमध्ये वीज गेली की ऑटो-कॅलिब्रेशन गुपचूप परत चालू होतं. त्यानंतर ही बाहेरची तपासणी महिन्यातून एकदा तरी, कारण आता सरकणं सुधारणारं आत कुणी नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही आणि तुमचं मॉडेल मला माहीत नाही, तेव्हा डेटाशीट माझ्यापेक्षा वरचढ. पण जुना डेटा अंदाजाने ‘दुरुस्त’ करू नका, असं माझं ठाम मत. शून्यरेषा कधी आणि किती सरकली याची नोंद नसते. मी करून पाहिलं, सुंदर आलेख आला, त्याला अर्थ काही नव्हता.

जाता जाता: पोस्टमध्ये तुम्ही ज्या स्वस्त ‘ईसीओटू’ सेन्सरबद्दल विचारलंय, तो सीओटू मोजतच नाही. हवेतल्या इतर वायूंवरून अंदाज बांधतो. मेण, मध, प्रोपोलिस (माश्यांचा डिंक) यांच्या वासात तो काय बांधेल ते बांधेल.