गिटारवरचं अँबियंट ड्रोन ऐकताना दहा मिनिटांत कंटाळा येतो. चांगले हेडफोन घेतल्याने फरक पडेल का?

ड्रोन म्हणजे एकच सूर लांबवत नेणारं संथ संगीत. त्यासाठी हेडफोन बदलून फारसं काही होणार नाही. तुम्ही लिहिलंय की सांगलीत दहा बाय बाराच्या खोलीत राहता, मोबाइलला ब्लूटूथ इअरबड्स लावून ऐकता, आणि घरचे म्हणतात, "त्यापेक्षा तंबोरा लाव की!" खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यापायी लिहायला बसलोय.

हेच वाक्य मिरजेतला माझा एक मित्र गेली कित्येक वर्षं ऐकवतोय. जवारी लावणाऱ्यांच्या, म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून आवाज जुळवणाऱ्यांच्या, घरातला माणूस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याच्याशी बोलायची सोय नाही. त्याचं म्हणणं, गिटारवाले पेडलांचा, म्हणजे पायाने चालवायच्या आवाज बदलणाऱ्या यंत्रांचा, ढीग मांडून जे करतात ते आमच्या चार तारा आणि सुताचा एक दोरा करतो. हे अर्धंच खरं. तार आणि घोडी यांच्यामध्ये तो दोरा नेमक्या जागी सरकवला की तार घोडीच्या पाठीला घासत थरथरते, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे बारीक सूर, सुटे होतात आणि छेडल्यावर क्षणभराने आवाज फुलतो. हे कुठल्याही पेडलला नीट जमत नाही, मान्य. पण तार छेडावीच लागते. प, सा, सा, खर्ज, पुन्हा प. बोट थांबलं की संपलं. शिवाय तो सगळा खटाटोप गवयाला आधार म्हणून असतो. ड्रोनमध्ये गवई येणारच नसतो.

गिटारवर छेडच कापून टाकतात. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडायची आणि मग पाय हळूहळू दाबायचा, ही एक रीत. दुसरी ई-बोची: नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, हातात धरायचं यंत्र. ते तारेला न टेकता चुंबकाने तिला हलवत ठेवतं. एका वेळी एकच तार चालते, म्हणून थर चढवायला लूपर (वाजवलेलं पुन्हापुन्हा फिरवणारं यंत्र) किंवा लांब डिले (आवाज उशिराने परत ऐकवणारं यंत्र) लागतो. १९७३ च्या 'नो पुसीफूटिंग' या अल्बममध्ये संगीतकार ब्रायन ईनोने गिटारवादक रॉबर्ट फ्रिपची गिटार दोन टेप रेकॉर्डरांतून फिरवली. पहिल्यावर नोंदलेली टेप तशीच पुढे दुसऱ्यावर जाऊन वाजायची आणि तो आवाज परत पहिल्याकडे यायचा. दोन यंत्रांत जेवढं अंतर, तेवढ्या उशिराने स्वर परत.

डिस्टॉर्शनची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करण्याची, गंमत याहून मोठी, आणि मित्राला ती अजून पटवता आलेली नाही. ११० हर्ट्झचा सा आणि १६५ चा प एकत्र डिस्टॉर्शनमधून घाला. दोघांची वजाबाकी ५५, म्हणजे सा च्या खालचा खर्ज. तो कुठल्याच तारेवर वाजलेला नसतो, तरी ऐकू येतो. गिटारच्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पट्ट्यांवर ठरलेला) प असतो १६४.८ चा, त्यामुळे हा खर्ज ५४.८ ला पडतो. खाली कुणी खरोखर ५५ वाजवत असेल तर दोघांच्या घासाघाशीतून साधारण पाच सेकंदांना एक अशी लाट उठते. सुरांत गंधार मिसळला की अशा वजाबाक्या इतक्या होतात की नुसता चिखल, म्हणून जड आवाजाचे ड्रोनवाले बहुतेक सा-प वरच भागवतात. 'अर्थ' या बँडचा १९९३ चा 'अर्थ २' हा अल्बम ऐका. तीनच तुकडे, त्यातला शेवटचा अर्ध्या तासाचा.

आता तुमचा कंटाळा. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट ठाण मांडते. भिंतीला टेकलात तर दणका, खोलीच्या मध्यावर आलात तर ती जवळजवळ गायब. वरच्या स्वरांचं तर चार बोटं डोकं हलवलं तरी चित्र बदलतं. म्हणजे स्पीकरवर ड्रोन लावून खोलीत दोन पावलं सरकलात की तीच रचना वेगळी ऐकू येते. इअरबड्स डोक्याबरोबरच हलतात, मग बदलणार काय?

तेव्हा पाच-सहा इंची वूफरचे जुने बुकशेल्फ स्पीकर मिळतात का बघा. मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर नको. तो ५५ पर्यंत उतरत नाही, आणि आवाज वाढवला की आतला कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप आवरणारी यंत्रणा) सगळं दाबून सोडतो, त्यामुळे संथ सूर धापा टाकल्यासारखा येतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, खालचं सगळं एकसारखं घुमतं. लॅपटॉपवरून लावत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. अर्थिंग धड नसेल तर विजेची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. आपली वीज ५० हर्ट्झची, गुणगुण ५० ला आणि तिच्या पटींत, म्हणजे १०० लाही. रचना जी स्वरात, म्हणजे ९८ ला असेल, तर सेकंदाला दोन ठोके पडतात आणि ते संगीतातलेच वाटतात! फ्रीजचंही तेच. पंखा बंद हवा. एप्रिलात सांगलीत ते कुणाला जमतंय, मग पहाटे ऐका. ॲपमधलं क्रॉसफेड (एक तुकडा संपताना दुसरा त्यात मिसळणं), बेस बूस्ट आणि मोबाइलचे 'सराउंड' वगैरे चाळे बंद करा.

आवाज ठरवताना तुकड्याचा सर्वांत मोठा भाग आधी शोधा, तिथे बेतून घ्या आणि मग बटणाला हात लावू नका. सुरुवात बारीक असते म्हणून लोक वाढवत जातात. झटका कुठेच नसल्याने कान सरावतो आणि किती मोठं झालंय ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० फक्त ४ तास.

ऐकायचं काय, तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार (न छेडता तारेतून आपोआप उमटणारा ग) शोधतात तसा एक स्वरांश पकडायचा आणि तो बुडेपर्यंत सोडायचा नाही. इथे घरच्यांचं म्हणणं कामाला येतं. तंबोऱ्यावर तयार झालेला कान हे पटकन पकडतो, पण म्हणून ड्रोन म्हणजे तंबोरा होत नाही.

भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल किंवा घरात तान्हं मूल असेल, तर वरचं बरंचसं बाद आणि हेडफोनशिवाय गत्यंतर नाही. मग वायरचे, ओपन-बॅक (मागची बाजू उघडी असलेले) घ्या. रस्त्यावरचा आवाज आत येईल, तो येणारच. कुठलं मॉडेल, ते दुकानात ड्रोनच लावून ठरवा. दुकानदार बेसवालं गाणं लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका.