राष्ट्राध्यक्षाच्या आयात-निर्यातीच्या धोरणाचा सामान्य घरावर खरंच परिणाम होतो का?

आयात-निर्यात आणि परकीय चलन हे मोठ्या कंपन्यांचे विषय आहेत, घर चालवणाऱ्या माणसाला त्यांच्याशी काय देणंघेणं, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे. मला हे अजिबात पटत नाही. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या काळात काय झालं ते बघा. मी सांगलीत हळदीच्या व्यापारात आहे, म्हणून सुरुवात हळदीपासूनच करतो.

श्रीलंकेला लागणारी बहुतेक हळद भारतातून जायची. राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये निवडून आले आणि थोड्याच काळात हळदीची आयात थांबली. हेतू असा की डॉलर वाचावेत आणि तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा. पण हळद काही दोन महिन्यांत येणारी मेथी नव्हे. लावणीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने जातात, शिवाय एकराला दहा क्विंटलच्या आसपास बेणं, म्हणजे लावायचे कंद, लागतं. म्हणजे क्षेत्र वाढवायचं तर आधी पिकातलीच हळद बेण्यासाठी मागे ठेवावी लागते. त्यामुळे बाजारात येणारा माल आणखी कमी होतो. हे कोणत्याही हळद उत्पादकाने सांगितलं असतं. तिथे भाव किलोला काही हजार श्रीलंकी रुपयांवर गेला आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून बोटींनी चोरटी हळद जाऊ लागली. रामेश्वरमच्या बाजूला पोतीच्या पोती पकडल्याच्या बातम्या तेव्हा नेहमी यायच्या. रोजच्या आमटीत पडणारी चिमूटभर हळद तस्करीचा माल झाली.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी जाहीर झाली. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, पण संपूर्ण देशाची शेती एका हंगामात सेंद्रिय करणं हे शेतीचं ज्ञान नसल्याचं लक्षण आहे. नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला, तोवर नुकसान झालं होतं. तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला. चहाचं उत्पादनही घसरलं, आणि चहा तर त्यांना डॉलर मिळवून देणारं पीक. ज्या डॉलरसाठी बंदी घातली, तेच कमी झाले.

तरी सगळं खापर खतबंदीवर फोडतात ते मला बरोबर वाटत नाही. मुळं दोन होती. पहिलं म्हणजे निवडून आल्याबरोबर केलेली करकपात. व्हॅट, म्हणजे वस्तू विकत घेताना भरावा लागणारा कर, १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. लोकांना बरं वाटलं, पण सरकारचं उत्पन्न आटलं, पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारा दर्जा, घसरलं आणि बाहेरच्या बाजारात नवं कर्ज मिळेना. त्यातच कोरोनाने पर्यटन बंद पडलं.

दुसरं मूळ जास्त महत्त्वाचं: श्रीलंकी रुपयाचा दर. डॉलर दुर्मिळ झालेला असताना मध्यवर्ती बँकेने तो २०० रुपयांच्या आसपास धरून ठेवला. बँकेबाहेर, काळ्या बाजारात डॉलरचे त्याहून जास्त मिळत होते. मग आखातात राबणारा माणूस घरी पैसे बँकेतून का पाठवेल? तो हवालाकडे, म्हणजे बँकेला वगळून पैसे पोचवणाऱ्यांकडे वळला. परदेशातल्या कामगारांकडून अधिकृत मार्गाने येणारी रक्कम २०२० मधल्या सुमारे ७.१ अब्ज डॉलरवरून २०२१ मध्ये ५.५ अब्जांवर आली. तिजोरी अशी रिकामी होत असतानाही जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे, म्हणजे परदेशी बाजारातून घेतलेलं जुनं कर्ज, फेडले गेले. माझ्या मते त्या सगळ्या काळातला हा सर्वांत वाईट निर्णय, कारण तेच पैसे इंधन, गॅस आणि औषधांसाठी हवे होते. मार्चमध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडून द्यावाच लागला आणि मेपर्यंत डॉलर ३६० च्या आसपास गेला. एप्रिलमध्येच परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर झालं होतं.

आता घरात या. साडेबारा किलोचा गॅस सिलिंडर ऑक्टोबर २०२१ च्या आधी १,४९३ श्रीलंकी रुपयांना होता. एप्रिल २०२२ मध्ये तो ४,८६० रुपयांना झाला, तोही रांगेत उभं राहून मिळाला तर. खेड्यात चूल पेटवता येते, कोलंबोच्या चौथ्या मजल्यावर कुठे पेटवणार? तिथे चहाला दुधाची भुकटी वापरतात आणि ती मुख्यतः न्यूझीलंडहून येते, त्यामुळे दुधाचा चहासुद्धा महाग झाला. मार्चअखेर दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज जात होती. पश्चिम प्रांतात कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार अन्नधान्याची महागाई ९५ टक्क्यांच्या जवळ होती. म्हणजे वर्षभरापूर्वी शंभर रुपयांत येणारी पिशवी भरायला जवळजवळ दोनशे लागत होते, आणि पगार तोच.

कोरोना आणि युक्रेन युद्ध आलं हे खरं, पण ते सगळ्याच देशांवर आलं. श्रीलंकेकडे ते झेलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

राजपक्षे जुलै २०२२ मध्ये देश सोडून गेले आणि सिंगापूरहून राजीनामा दिला. त्यांच्यामागे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं, त्याच्या अटी आल्या, विजेचे दर वाढले. २०१९ मध्ये ८ टक्क्यांवर आणलेला व्हॅट जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला. तो कर साबण घेणाऱ्यालाही भरावा लागतो.