हायब्रिड गाडीच्या पडद्यावरचे बाण, कधीच पूर्ण न भरणारी बॅटरी आणि उतारावरचे न्यूट्रल

आपण विचारले आहे की, नव्या हायब्रिड गाडीच्या पडद्यावरचे बाण नेमके काय सांगतात, बॅटरीच्या पट्ट्या पूर्ण का भरत नाहीत, गाडी घरी चार्ज करता येते का, आतल्या सॉकेटवर काय काय चालेल, आणि उतारावर न्यूट्रल टाकले की मायलेज वाढते असे घरची मंडळी म्हणतात ते खरे आहे का. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे. न्यूट्रल टाकू नका. उतारावर टाकू नका, सिग्नलला टाकू नका आणि कोंडीत अडकल्यावरही टाकू नका. न्यूट्रलमध्ये हायब्रिडची मोठी बॅटरी चार्ज होत नाही. एसी, दिवे आणि पंखे मात्र तिच्यातूनच वीज घेत राहतात. उतारावर तर फुकट मिळणारी ऊर्जा परत घेण्याचे कामच बंद पडते आणि गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो.

मी तंत्रनिकेतनात विद्युत यंत्रे हा विषय शिकवून निवृत्त झाले. माझी गाडी टोयोटाची हायरायडर आहे, स्ट्राँग हायब्रिड प्रकारातली, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबरची विजेची मोटर एकटीही गाडी चालवू शकते अशी. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्येही हीच यंत्रणा आहे, त्यामुळे पुढचे बहुतेक वर्णन तिलाही लागू पडते.

माझे माहेर पाटण तालुक्यातले. माझ्या थोरल्या भावाने ऐन उमेदीत वडापची जीप चालवली आणि कुंभार्ली घाटाचे प्रत्येक वळण त्याला पाठ आहे, हे मी मनापासून मान्य करते. गाडी घेतल्यानंतर आम्ही दोघे चिपळूणला एका लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. घाट उतरायला लागल्यावर पडद्यावरचा हिरवा बाण चाकांकडून बॅटरीकडे वाहू लागला, पट्ट्या एकेक करून वर चढल्या आणि साधारण निम्मा घाट उतरून झाल्यावर इंजिनाचा आवाज एकदम वाढला. ॲक्सिलरेटरवर माझा पाय नव्हता. दादा सावरून बसला आणि म्हणाला, "अगं, उतारावर इंजिन रेस होतंय! पेट्रोल पितंय ते. न्यूट्रल टाक आधी." मी टाकले नाही. लीव्हर डी या नेहमीच्या जागेवरून बी या उतारासाठीच्या जागेवर घेतला, तेव्हा आवाज आणखी वाढला आणि दादाचा स्वरही.

मी त्याला तात्काळ मायलेज दाखवणारी पट्टी पाहायला सांगितली. ती पार टोकाला जाऊन थांबली होती, म्हणजे इंजिन फिरत होते पण त्यात पेट्रोल जात नव्हते. त्याने पाहिले आणि "ते स्क्रीनवरचं काही खरं नसतं" असे म्हणून विषय संपवला. परतल्यावर तो स्वतः माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आला आणि त्याने तिथल्या सुपरवायझरला सगळा प्रकार सांगितला. त्या गृहस्थाने ना पडदा पाहिला ना गाडी चालवून पाहिली, दादाकडे बघून मान डोलावली आणि मला म्हणाला, "मॅडम, उतारावर जास्त रेस करू नका." ज्या विषयावर मी आयुष्यभर शिकवले, त्या विषयातले माझे स्पष्टीकरण ऐकून घेण्याचीही गरज तिथे कोणाला वाटली नाही. तेव्हापासून नातेवाइकांत जिथे गाडीचा विषय निघतो तिथे दादा हे उदाहरण देतो. म्हणून त्याला जे पुरते सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

हायरायडरच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॅट-तास आहे. विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर सगळी मिळून पाऊण युनिट. पूर्ण विजेवर चालणाऱ्या, सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. आता माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १६०० किलो माना आणि ती घाटात ४०० मीटर खाली उतरली असे समजा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर सुमारे ६२ लाख ७० हजार ज्यूल येतात. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, तेव्हा ही ऊर्जा सुमारे पावणेदोन युनिट झाली. त्यातली निम्मी टायर, हवेचा रोध आणि यंत्रणेतली घट यांत गेली असे धरले तरी पाऊण युनिटाहून अधिक ऊर्जा उरते, आणि ती ठेवायची कुठे, तर एकूण पाऊण युनिटाच्या आणि आधीच निम्म्या भरलेल्या बॅटरीत. बॅटरी निम्म्या घाटातच भरणार हे गणितानेच ठरलेले आहे.

बॅटरी भरली की यंत्रणा ती वीज इंजिनाला जोडलेल्या दुसऱ्या मोटरकडे पाठवते आणि ती मोटर पेट्रोल न देता इंजिन फिरवते. सिलिंडरमध्ये हवा ओढणे, दाबणे आणि घर्षण यांत ती ऊर्जा खर्ची पडते आणि गाडी आवरलेली राहते. दादाला ऐकू आला तो आवाज याचाच होता. उताराची वीज करण्याचे हे तत्त्व आम्ही सगळे लहानपणापासून पोफळीच्या जलविद्युत केंद्रात पाहत आलो आहोत. शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरते आणि त्या उताराची वीज होते. कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॅट क्षमता या उंचीच्या फरकावरच उभी आहे. मी विद्यार्थ्यांना घेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जात असे. तिथे वीज घेणारी वाहिनी जोडलेली नसताना जनित्रावर पूर्ण पाणी सोडता येत नाही, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही समजत असे. गाडीची बॅटरी भरल्यावर नेमकी तीच अडचण येते आणि त्या वेळी यंत्रणा इंजिनाचा आधार घेते.

मला खरे दुःख याचे वाटते की, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम मला गाडी शिकवताना दादानेच सांगितला होता. बी या जागेचा अर्थ तोच आहे. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून इंजिनाचा रोध वापरायचा. तोच दादा हायब्रिडमध्ये मात्र न्यूट्रलचा आग्रह धरतो, कारण त्याच्या मते आवाज म्हणजे पेट्रोल. जुन्या गाडीत तो अंदाज अनेकदा बरोबर ठरत असे. या गाडीत कानांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो.

आता पडद्याकडे वळते. चार दिशा ओळखता आल्या की पुरे. बाण बॅटरीकडून चाकांकडे असेल तर गाडी विजेवर चालली आहे, आणि इंजिन बंद असेल तेव्हा ईव्ही हा दिवा लागतो. इंजिनाकडून चाकांकडे असेल तर पेट्रोलवर चालली आहे. इंजिनाकडून बॅटरीकडे बाण दिसला तर चालवून उरलेल्या ताकदीतून बॅटरी भरली जात आहे. चाकांकडून बॅटरीकडे दिसला तर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला आहे किंवा ब्रेक दाबला आहे आणि गाडीचा वेग विजेत रूपांतरित होतो आहे. एकाच वेळी दोन-तीन बाण दिसणे हे बिघाडाचे लक्षण नाही. चढावर इंजिन आणि बॅटरी दोघेही चाकांना ताकद देतात.

टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीच्या जागी जो काटा किंवा पट्टी असते तिचे चार्ज, इको आणि पॉवर असे तीन भाग असतात. माझ्या मते बाणांपेक्षा ही पट्टी अधिक उपयोगी आहे, कारण बाण झालेली गोष्ट दाखवतात आणि पट्टी तुमच्या पायाचा परिणाम लगेच दाखवते. ब्रेक हलका आणि लवकर दाबला तर काटा चार्जच्या भागात बराच वेळ राहतो. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर तो टोकाला जातो आणि उरलेले काम नेहमीचे ब्रेक करतात. ती ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हायब्रिडचे मायलेज मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ लोकांचा ब्रेक मी पाहिला आहे. दोष बहुधा तिथेच असतो.

बॅटरीच्या पट्ट्या पूर्ण भरत नाहीत म्हणून काळजी करू नका. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून यंत्रणा तिला पूर्ण रिकामीही होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. मधल्या टप्प्यात ठेवण्याचा हेतू असा की उतार आला तर वीज घ्यायला जागा असावी आणि चढ आला तर द्यायला वीज असावी. घाटमाथ्यावर पोहोचताना पट्ट्या कमी दिसल्या तर ते चांगलेच आहे.

घरी चार्ज करता येत नाही. प्लग लावण्याची सोयच नाही आणि गरजही नाही. यावर दादाचा दुसरा आक्षेप असा की, शेवटी सगळी वीज पेट्रोलमधूनच येते, मग उपयोग काय. पहिला भाग पूर्ण खरा आहे. उपयोग असा की, ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा परत मिळते, कोंडीत इंजिन बंद राहते, आणि ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन कमी वेगात ताकदीला थोडे कमी पडले तरी मोटर ती उणीव भरून काढते, त्यामुळे असे काटकसरी इंजिन वापरता येते. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विक्रीला आली ती याच तीन गोष्टींच्या बळावर. मात्र ज्यांचा बहुतेक प्रवास द्रुतगती मार्गावर एकाच मोठ्या वेगाने होतो, त्यांनी हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे परत मिळवण्याजोगी ऊर्जाच फारशी नसते.

सॉकेटविषयी थोडक्यात सांगते. माझ्या गाडीतला गोल सॉकेट १२ व्होल्टचा आहे आणि त्यावर १२० वॉटची मर्यादा लिहिलेली आहे. मोबाइल, हवा भरण्याचा छोटा पंप आणि चांगल्या कार चार्जरवर ६५ वॉटचा लॅपटॉप चालतो. मिक्सर, इस्त्री, केटल चालणार नाही. बाजारातला स्वस्त इन्व्हर्टर लावून चालवायला गेलात तर फ्यूज उडेल. जपानमध्ये २००१ साली आलेल्या एस्टिमा हायब्रिडमध्ये १०० व्होल्टचे, १५०० वॉटपर्यंत वीज देणारे सॉकेट होते, आणि मार्च २०११ च्या भूकंपानंतर वीज नसलेल्या भागांत अशा गाड्यांचा लोकांना मोठा उपयोग झाला. अमेरिकेत फोर्डचा एफ-१५० हायब्रिड ट्रक २.४ किलोवॅट, आणि जादा पैसे दिल्यास ७.२ किलोवॅट वीज बाहेर देतो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या जुलैतील चिपळूणच्या पुरानंतर लोक दिवसेंदिवस अंधारात बसले होते. दारात मोठी बॅटरी आणि जनित्र असलेली गाडी उभी असूनही त्यातून घरातला एक फ्रिज चालू नये, ही गोष्ट मला पटत नाही. कोकणात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्ट्राँग हायब्रिडला २३० व्होल्टचा सॉकेट द्यायला हवा.

सॉकेट बराच वेळ वापरायचा असेल तर गाडी पार्कमध्ये ठेवून रेडी हा हिरवा दिवा लागलेला असू द्या. तो नसताना केवळ ॲक्सेसरी चालू ठेवली तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण यंत्रणेला जागे करण्याचे काम तिच्याकडे असते. रेडी असताना इंजिन आपोआप केव्हाही चालू होते, म्हणून बंद गॅरेजमध्ये हे मुळीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतून उतरतानाही रेडी दिवा विझला आहे हे पाहूनच उतरा, आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजू नका.

आपल्या गाडीचे नाव प्रश्नात नाही, म्हणून हेही लिहायला हवे. ती माइल्ड हायब्रिड असेल, तर तिची मोटर एकटी गाडी चालवू शकत नाही आणि वर लिहिलेले बाणांचे वर्णन तिला पुरते लागू होणार नाही. होंडा सिटीच्या हायब्रिडची रचना वेगळी आहे. तिच्यात बहुतेक वेळा मोटरच चाके फिरवते, इंजिन वीज तयार करते, आणि ठरावीक वेगाने महामार्गावर जाताना इंजिन थेट चाकांना जोडले जाते. प्लग-इन हायब्रिड असेल तर तिला चार्जिंगचे तोंड असेल आणि ती घरी अवश्य चार्ज करावी. उतारावरच्या न्यूट्रलबाबत मात्र यांपैकी कोणत्याही गाडीसाठी माझे उत्तर बदलत नाही, आणि घरच्यांना पटत नसेल तर त्यांना शेजारी बसवून एखादा लांब घाट बी मध्ये, बी नसेल तर खालच्या गिअरमध्ये, उतरा आणि तात्काळ मायलेजची पट्टी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.